विहिरीतून भावाला कोणी काढलं

माझ्या मामेभावाने त्या दिवशी विहिरीत उडी मारली नव्हती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या दोन्ही घरांत गेली कित्येक वर्षं याच्या उलट सांगितलं जातं. दिवाळीच्या फराळाला, कुणाच्या बारशाला, कुणाच्या साखरपुड्याला ती गोष्ट निघते आणि मी समोर बसून ती ऐकते. दर वेळी तिच्यात थोडी भर पडलेली असते. एकदा तर मामेभावाने अंगातल्या शर्टासकट उडी घेतली होती, असं ऐकलं. शर्ट त्या दिवशी त्याच्या अंगात नव्हताच. तो काठावरच्या दगडावर वाळत घातलेला होता, मी पाहिला होता.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी चौथीची परीक्षा दिली होती आणि माझा भाऊ दुसरीची. आम्ही नाशकात गंगापूर रोडला राहायचो. वडील सरकारी कचेरीत होते, आई एका बालवाडीत शिकवायची. परीक्षा संपली की आई आम्हाला एसटीने लासलगावला न्यायची, तिथून मामाच्या ट्रॅक्टरवर मळ्यात पोचवायची आणि दोन दिवस राहून परत फिरायची. पुढचा महिना-दीड महिना आम्ही मामाचे.

मामाचं घर गावात नव्हतं, शेतातच होतं. पत्र्याचं, लांबट, पुढे ओटा. मागे कांदा साठवायची चाळ, चाळीपलीकडे विहीर. एप्रिलात तिकडे सगळीकडे कांदाच असतो. रस्त्यावर मार्केटला निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग, शेतात कांद्याचे ढीग, जेवताना ताटाशी कांदा, झोपताना उशीला कांद्याचा वास. मामेभाऊ तेव्हा सोळा वर्षांचा होता. दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होता. उंच झाला होता, मिशी फुटत होती, आणि मामा त्याला दिवसातून दहा वेळा कशावरून तरी बोलायचा. ट्रॅक्टर नीट मागे घेता येत नाही, चार माणसांत बोलता येत नाही, उन्हाला भितो. "बाईसारखं काय करतो रे," हे तर मामाचं ठेवणीतलं वाक्य होतं. ते ऐकून आम्ही हसायचो. मीसुद्धा हसायचे. आता त्याचा राग येतो, पण तेव्हा हसायचे.

त्या वर्षी मामेभावाने आम्हाला पोहायला शिकवायचं ठरवलं. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची जुनी ट्यूब होती, तिला दोरी बांधायची, ती पोरांच्या काखेत अडकवायची आणि दोरीचं टोक धरून तो पायरीवर उभा राहायचा. विहिरीला एका बाजूने थेट पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. पाणी खाली गेलेलं, हिरवट, पण दोन पुरुष बुडतील एवढं होतंच. आठवडाभरात मी ट्यूब धरून पाय मारायला शिकले. भाऊ माझ्यापेक्षा धीट. तो ट्यूब सोडून एखादा हात मारून बघायचा आणि पुन्हा ट्यूबला लटकायचा.

मामाकडे कांदे खांडायला मजूर आले होते. उपटलेल्या कांद्याची वाळकी पात विळ्याने कापायची, याला तिकडे खांडणं म्हणतात. पेठ, सुरगाणा बाजूच्या डोंगरातली चार-पाच कुटुंबं होती ती. दरवर्षी यायची. बांधावर बाभळीखाली त्यांची पालं होती, तीन दगडांच्या चुली होत्या. दिवसभर उकिडवं बसून खांडणी चालायची. त्यांना पाणी प्यायला हौद होता, जनावरांच्या हौदाशेजारी. विहिरीवर ती माणसं यायची नाहीत. का यायची नाहीत, असं मी एकदा मामीला विचारलं. "नाय येत," मामी म्हणाली आणि भाकरी उलटली. एवढ्या उत्तराने माझं समाधान झालं, आणि हीच मला आज सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट वाटते.

त्यांच्यात एक बाई होती. बाई म्हणते, पण विशीची असेल-नसेल. काळीसावळी, हाडकुळी, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं. तिचं तान्हं मूल होतं, सहा-सात महिन्यांचं. बाभळीला झोळी बांधून त्यात ते झोपवायची आणि मध्येच उठून पाजायची. मी झोळीला झोका द्यायला जायचे. ती माझ्याशी फार बोलायची नाही. एकदा मला म्हणाली, "तुमी पोरं पाण्यात लय उशीर ऱ्हाता. थकल्यावर बाहेर यावं." मी विचारलं, तुम्हाला पोहता येतं का. ती हसली. "आमच्या गावाला नदी हाय," एवढंच म्हणाली.

ती दुपार जेवणं झाल्यानंतरची होती. मामा ओट्यावर खाटेवर आडवा झाला होता. मजूर बाभळीखाली भाकर खाऊन टेकले होते. आम्ही तिघं विहिरीवर. मामेभावाला सकाळीच मामाने झापलं होतं, शेजारच्या मळ्यातल्या दोन माणसांसमोर. तो तेव्हापासून गप्प होता, आणि विहिरीवर आल्यावर एकदम जोरात आला. भावाला म्हणाला, "आज बिनट्यूबचा. किती दिवस बायकांसारखा ट्यूब धरून बसणार?" त्याने ट्यूब भावाच्या अंगातून काढली आणि वरच्या पायरीवर फेकली. मी म्हटलं, दादा, नको. तो म्हणाला, "तू गप. मी हाय ना."

भावाने पाण्यालगतच्या पायरीवरून स्वतःला पाण्यात झोकून दिलं. दोन हात मारले, तीन मारले, आणि मी टाळ्या वाजवल्या. मग तो वळायला गेला आणि वळता आलं नाही. मध्ये गेला. मोटारीचा पाइप होता तिकडे हात केला, तो निसटला. तोंडात पाणी गेलं. डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं.

मी मामेभावाकडे बघितलं. तो पाण्यापासून दोन पायऱ्या वर उभा होता, दोन्ही हात छातीशी धरून. त्याला पोहता येत होतं. चांगलं पोहता येत होतं, वरच्या कठड्यावरून सूर मारायचा तो. मी ओरडले, "दादा, उडी मार! दादा!" तो हलला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो पाण्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

मी वर तोंड करून किंचाळले. पुढे जे झालं ते माझ्या डोळ्यांपुढे झालं. कठड्यावर ती बाई दिसली. तिने खाली बघितलं, एकदाच. आणि सरळ वरून उडी टाकली. पाणी माझ्या तोंडावर उडालं. ती खाली गेली, रिकामीच वर आली, श्वास घेतला, पुन्हा खाली गेली. त्या वेळात बाहेरून तिच्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं. पाजता पाजता ते मातीत ठेवून ती धावली होती. दुसऱ्यांदा वर आली तेव्हा तिच्या मुठीत माझ्या भावाचे केस होते. एका हाताने पाणी कापत ती पायरीकडे आली. तिथे मात्र मामेभाऊ पायऱ्या उतरून कमरेपर्यंत पाण्यात आला, आणि त्याने भावाला तिच्याकडून वर घेतलं. एवढंच त्याने केलं.

तिने भावाला स्वतःच्या मांडीवर पालथं घातलं, पाठीवर थापट्या मारल्या. त्याच्या तोंडातून पाणी आलं, मग उलटी झाली, मग तो खोकला आणि रडायला लागला. ते रडणं ऐकून तिने तोंडावरून हात फिरवला आणि देवाचं काहीतरी पुटपुटली. वरून माणसांचे आवाज यायला लागले. मामा ओरडत येत होता, मागून शेजारच्या मळ्यातले लोक. तिचं लुगडं अंगाला चिकटलं होतं. तिने भावाला मामेभावाच्या मांडीवर दिलं, पदर आवळला, आणि पायऱ्या चढून पुरुष पोचायच्या आत चाळीमागे निघून गेली. जाताना बाळाला उचललं असणार, कारण त्याचं रडणं थांबलं.

मामा कठड्यावर आला तेव्हा त्याला काय दिसलं? ओलाचिंब मामेभाऊ, त्याच्या मांडीवर माझा भाऊ. मामाने एकदा बघितलं आणि त्याचा आवाज फुटला. "माझ्या पोरानं काढला! अरे, माझ्या वाघानं काढला!" तो पायऱ्या उतरत आला आणि त्याने मामेभावाला मिठी मारली. मामा मुलाला मिठी मारतो हे मी पहिल्यांदाच बघत होते. बहुतेक मामेभावालाही ते पहिल्यांदाच मिळत होतं. त्याने तोंड उघडलं. काहीतरी बोलेल असं मला वाटलं. त्याने तोंड मिटलं आणि बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला.

मी म्हणाले, "मामा, त्या बाईने काढलं."

"कोणत्या बाईनं?"

"झोळीवाल्या. तिने वरून उडी मारली."

शेजारच्या मळ्यातला एक म्हातारा म्हणाला, "पोरगी भेदरली हाय. काय बी बोलंल आता." आणि मला कुणीतरी कडेवर उचलून घरी नेलं. दहा वर्षांच्या मुलीला कडेवर! मी लाथा झाडत होते.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. माणसं येत होती, मामेभावाच्या पाठीवर थाप मारत होती. भाऊ गोधडीत झोपला होता. मी चुलीपाशी मामीला पुन्हा सांगितलं. मामी कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला म्हाईत हाय. मागल्या दारी आली होती ती, बाळाला गुंडाळायला कोरडं मागायला. माझं लुगडं दिलं मी तिला."

मग तुम्ही सांगा ना मामाला, मी म्हटलं. तिने कणकेला पाण्याचा हात लावला. पण तिने सांगितलं. मामा पाणी प्यायला आत आला तेव्हा सांगितलं, मी दाराआडून ऐकलं. मामाने तांब्या खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "मग आता काय गावात दवंडी देऊ? का सोळा वर्षांचं पोरगं काठावर उभं ऱ्हायलं अन् मजुराच्या बाईनं उडी घेतली? उद्या त्याला पोरगी कोण देईल?"

मामी म्हणाली, "विहीर उपसायची का मग?"

"कुणाला म्हाईतच नाय तर उपसायची कशाला?"

हे शब्द मी विसरू शकत नाही. ती विहिरीत उतरली हे लोकांना कळलं असतं तर विहीर बाटली असती आणि पाणी उपसावं लागलं असतं. त्या पाण्यातून तिने माझ्या भावाला बाहेर काढलं होतं. पण ती उतरलीच नाही असं ठरवलं, म्हणून पाणी चांगलं राहिलं. त्या घरात मुलगाही वाचला, विहीरही वाचली, आणि मामेभावाची अब्रूही. यापेक्षा हुशार माणसं मी पुढे कुठल्या कचेरीत पाहिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालं मोडलेली दिसली. शेतात अजून ढीग पडले होते, खांडणी अर्धी बाकी होती, तरी मामाने त्या लोकांना काम संपलं म्हणून सांगितलं होतं. ती माणसं बोचकी बांधत होती. मी धावत गेले. ती बाई बाळाला पाठीशी बांधत होती. तिचा एक गाल सुजला होता. ज्या मालकाकडे काम करतो त्याच्या विहिरीत उडी मारली, काम गेलं, म्हणून नवऱ्याने मारलं होतं. हे मला तिच्याबरोबरच्या दुसऱ्या बाईने सांगितलं, ऊन फार आहे असं सांगावं तितक्या सहज. मामीचं लुगडं धुऊन, घडी घालून तिने माझ्या हातात दिलं.

"मामीला दे," ती म्हणाली. मग विचारलं, "भाऊ जेवला का?"

मी मान हलवली.

"पोट दुखत नाय ना त्याचं?"

मी पुन्हा मान हलवली. मला खूप काही बोलायचं होतं. ती माणसं बांधावरून रस्त्याकडे निघाली, आणि मी लुगडं घेऊन उभी राहिले. तिचं नाव मी विचारलं नाही. महिनाभर तिच्या बाळाला झोके दिले आणि तिला नाव असेल, असं माझ्या मनात आलं नाही.

त्याच दुपारी आई आली. गावातल्या एसटीडी बूथवरून नाशकात आमच्या शेजाऱ्यांकडे निरोप गेला होता. तिने आधी भावाला उराशी धरलं, मग मामेभावाला पाटावर बसवून ओवाळलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. "माझं लेकरू दिलंस रे मला," ती म्हणाली. मामेभाऊ मान खाली घालून बसला होता. लोक म्हणाले, बघा, किती नम्र पोरगं. दोन दिवसांनी गावातल्या देवळापुढे सरपंचांनी त्याला शाल आणि नारळ दिला. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं आणि टाळ्या वाजवायला सांगितल्या होत्या. मी हात मांडीखाली घेऊन बसले. आईने मला चिमटा काढला.

मी आईला चाळीमागे नेऊन सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. "तू नक्की पाहिलंस?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. आई बांधावर बसली. तिला ते खरं वाटलं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मला वाटलं आता ती उठेल, मामाकडे जाईल, मग आम्ही सगळे त्या बाईला शोधायला जाऊ. माझी आई बालवाडीतल्या मुलांना खरं बोलायच्या गोष्टी सांगायची. चित्रं दाखवून सांगायची.

ती म्हणाली, "हे कुणाला सांगायचं नाही. बाबांनासुद्धा नाही."

"का?"

"माझं एकच माहेर आहे. तुला कळेल मोठी झालीस की."

मी मोठी झाले, लग्न होऊन माझंही एक माहेर झालं, आणि मला ते अजून कळलेलं नाही. त्या सुट्टीत मी पोहायला शिकले नाही. मोठी माणसं आपल्या समोर, आपल्या डोळ्यांत बघून, घडलेली गोष्ट न घडलेली करू शकतात, एवढं शिकले. त्यांना ओरडावं लागत नाही, कुणाला धमकी द्यावी लागत नाही. प्रेमाने करतात. डोक्यावरून हात फिरवत करतात.

त्यानंतरची वर्षं मी फार सांगत बसत नाही. मामेभावाचं लग्न झालं, चांगलं स्थळ मिळालं. भाऊ शिकला, सातपूरला कारखान्यात लागला. दर दिवाळीला तो मामेभावाच्या पाया पडायचा. मी भावाला कॉलेजात असताना एकदा सांगितलं होतं. तो म्हणाला, "ताई, तू लहान होतीस." मी म्हटलं, तू माझ्याहून लहान होतास, आणि तू तर पाण्याखाली होतास, तुला काय दिसलं? तो म्हणाला, "मला दादाची मांडी आठवते." त्याला खरंच तेवढंच आठवत होतं.

मग दोन हजार सालानंतर केव्हातरी मामेभाऊ ग्रामपंचायतीला उभा राहिला. भावाने प्रचाराचं पत्रक आणून मोठ्या अभिमानाने माझ्यासमोर ठेवलं. मामेभावाचा हात जोडलेला फोटो होता आणि खाली छापलं होतं, 'बुडत्या बालकाचे प्राण वाचवणारे धाडसी नेतृत्व'. घरात सांगितलेलं खोटं मी अनेक वर्षं गिळलं होतं. ते छापून मतं मागायला निघालेलं बघून माझे कान गरम झाले.

भाऊ म्हणाला, "रविवारी सभा आहे, मी बोलणार आहे. तूही चल."

मी म्हटलं, येते.

देवळापुढे मांडव होता. मामा पुढच्या खुर्चीत, डोक्याला फेटा. आई बायकांत बसली होती. भावाने छान भाषण केलं. या हातांनी मला बाहेर काढलं, असं म्हणून त्याने मामेभावाचा हात वर धरला. टाळ्या झाल्या. मग कुणीतरी म्हणालं, बहीणसुद्धा आली आहे, तिनेही दोन शब्द बोलावेत. माझ्या हातात माइक आला.

मी म्हणाले, "माझ्या भावाला याने काढलं नाही. कांदे खांडायला आलेल्या एका बाईने काढलं. डोंगरातली होती. तिचं तान्हं मूल जमिनीवर ठेवून तिने वरून उडी मारली. हा पायरीवर उभा होता. दुसऱ्या दिवशी मामाने तिला कामावरून हाकललं. तिला नवऱ्याचा मार मिळाला आणि याला शाल मिळाली. मामाला विचारा, मामीला विचारा. माझ्या आईला विचारा, ती इथेच बसली आहे."

एवढं बोलायला मला मिनिटही लागलं नसेल. माइकचा आवाज मध्येच गेला, कुणीतरी वायर काढली होती. पण पुढच्या रांगांना ऐकू गेलं. मागून कुणीतरी हसलं. एक जण म्हणाला, "समोरच्या पार्टीनं पढवून पाठवलीय." मामा उठला आणि माझ्याकडे न बघता मांडवाबाहेर गेला. लोक बायकांकडे वळून बघायला लागले. आई पदराने घाम पुसत होती. मी तिच्याकडे बघून म्हटलं, "आई, सांग." ती म्हणाली, "घरी चल." मामी तिच्या शेजारीच होती. मामीने मान खाली घातली नाही, माझ्याकडे सरळ बघत राहिली. त्या मांडवात तेवढंच माझ्या बाजूचं होतं.

मामेभाऊ निवडून आला. माझ्या बोलण्याने त्याचं एक मतही कमी झालं नसेल. मामाने आईला निरोप पाठवला, तू आणि तुझी लेक, दोघीही इकडे येऊ नका. आई माझ्या घरी येऊन रडली. "तू माझं माहेर तोडलंस," म्हणाली. मी तिला विचारलं, त्या बाईला माहेर नव्हतं का? आई म्हणाली, "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही." ती दीड वर्ष माझ्याकडे आली नाही. भाऊही बोलायचा बंद झाला.

त्या काळात मी त्या बाईला शोधायचा प्रयत्न केला. मामीला फोन केला. मामी म्हणाली, त्या टोळीला आणणारा मुकादम वारला, त्याच्या गावाचं नाव तिला अर्धवट आठवत होतं. त्या नावाची दोन गावं निघाली. मी दोन्हीकडे गेले. एका गावात बायका जमल्या, मी हकिगत सांगितली. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "आमच्यातली कितीक जणी जात्यात खाली कामाला. पवाया तं समद्यांनाच येतं. कोण म्हणू?" त्यांना मी वेडी वाटले असेन. कांद्याच्या मळेवाल्यांतली एक बाई इतक्या वर्षांनी आभार मानायला कशाला येईल, यात काहीतरी डाव असणार, असंही एकीला वाटलं. तिने मला स्पष्ट विचारलं, "काय पायजे तुला?" ती सापडली नाही.

मग एका दुपारी मामेभाऊ माझ्या घरी आला. एकटाच, न कळवता. मी दार उघडलं आणि त्याला आत ये असं म्हटलं नाही, तो स्वतःच आला. मी चहा केला. त्याने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मला भीती वाटली होती," तो म्हणाला. "बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो, दोघं जातात, असं ऐकलेलं होतं. पाय उचलेच ना."

"मला तुझ्या भीतीचा राग नाही," मी म्हटलं. "तू सोळा वर्षांचा होतास. वर आल्यावर तोंड का उघडलं नाहीस?"

"दादांनी मिठी मारली होती." मामाला तो दादा म्हणायचा. "तू होतीस तिथं. तू बघितलंस ना? त्यांनी त्याआधी कधी..."

मला ते समजलं. खोटं कशाला बोलू, त्या मिठीसाठी मीही कदाचित गप्प बसले असते. पण तो सोळा वर्षांचा राहिला नव्हता. तिशी ओलांडलेला माणूस, त्याने ते पत्रक स्वतः वाचून छापायला दिलं होतं.

"आता काय करू, सांग," तो म्हणाला.

"सगळ्यांसमोर सांग. जिथे नारळ घेतलास तिथे."

"दादा आजारी आहेत."

"मग माझ्या भावाला तरी सांग. त्याला आज सांग."

त्याने मान डोलावली. जाताना दारात चप्पल घालत म्हणाला, "बघतो."

त्याने कुणाला सांगितलं नाही. मामा त्याच पावसाळ्यात गेला, दहाव्याला मी गेले होते, तिथेही दोन माणसं तीच गोष्ट बोलत होती. मामेभाऊ शेजारी उभा होता. माझ्याकडे बघून त्याने नजर फिरवली. मी तिथेच मोठ्याने म्हणाले, "ते खरं नाही," आणि पुन्हा सगळं सांगितलं, दहाव्याच्या मांडवात, ओल्या डोक्याच्या पुरुषांसमोर. लोकांना ते फार अशोभनीय वाटलं. भाऊ मला दंडाला धरून बाजूला घेऊन गेला. मला वाटलं, चिडेल. तो म्हणाला, "हळू बोल. मी मामीला विचारलंय कालच."

"काय म्हणाली?"

"तू म्हणतेस तेच." त्याने मागे वळून लोकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पण ताई, आता काय फरक पडतो? वाचलो ना मी."

मी त्याचा हात झटकला आणि रस्त्याला लागले. तो मागून हाक मारत होता. मी लासलगावच्या स्टँडपर्यंत चालत गेले आणि पहिल्या गाडीने नाशिकला आले. आजही तो राखीला येतो, मी त्याला राखी बांधते, जेवायला वाढते. आणि दर वेळी, तो निघायच्या आधी, त्याच्या मुलीला जवळ बसवून मी ती गोष्ट पहिल्यापासून सांगते. भावाला ते आवडत नाही. तो गाडीची किल्ली घेऊन बाहेर जाऊन उभा राहतो.